खऱ्या मीन्याची घड्याळ डायल, आणि त्यावर आपली पंढरपुरी म्हैस. करालोय, अडलोय, मदत करा

गवळ्याचा_नातू (कोल्हापूर)

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, विषय जरा वेगळाय म्हणून नीट सांगतो.

मी उद्यमनगरात सीएनसी मशीनवर काम करतो, घड्याळांचा नाद कॉलेजपासूनचा. गेले आठ महिने रात्री जेवण झालं की माळ्यावर बसतो आणि मीन्याची डायल करतो. मीना म्हणजे भट्टीतला खरा मीना, काचेची पूड तांब्याच्या पत्र्यावर पसरायची, ८०० डिग्रीच्या आसपास भट्टीत मिनिट दीड मिनिट ठेवायची, ती वितळून पत्र्याला कायमची धरते. डबीतला रंग ओतून वाळवतात ते काम नव्हे.

डायलवर काढायचीय म्हैस. आमचा आजा गवळी, जन्मभर गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी घेऊन उभा राहिला, लोकं पेला घेऊन यायची आणि समोर पिळलेलं फेसाळ दूध तिथंच प्यायची. आमच्या गोठ्यात सगळ्या पंढरपुरी. ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको, ती शिंगं मानेवरनं मागं वळून पार खांद्याच्या पुढं जातात, तलवारीसारखी. मला गोल डायल दिसली की त्यात ती शिंगंच दिसतात, खाली मधोमध तोंड आणि दोन शिंगं दोन्ही बाजूनं कडेकडेनं वर १२ पर्यंत गेलेली. जगभरात प्राण्यांच्या डायल होतात, पँथर होतो, ड्रॅगन होतो, घोडे होतात. म्हैस कुठं दिसली नाही. आणि माझ्या हाताला जर कुठला प्राणी माहीत असेल तर तो म्हैसच, पाचवीत असल्यापासून धुतोय.

पत्रा ०.४ मिमी तांबं, व्यास ३६ च्या आसपास. पांढरा अपारदर्शक मीना मागं दुधासारखा, शिंगांची कड चांदीच्या तारेची. आत्तापर्यंत ११ डायल केल्या, ९ गेल्या. अडचणी सांगतो:

पहिली म्हणजे तडा. भट्टीतनं काढली तेव्हा एक नंबर, टेबलावर ठेवून चहा प्यायला गेलो, वीस मिनिटांनी 'टिक' असा आवाज आला आणि ४ पासून १० पर्यंत सरळ भेग. दुसरी, पांढऱ्यात काळे बारीक ठिपके, तिळासारखे, कुठनं येतात कळत नाही. तिसरी, मधल्या भोकाच्या कडेला मीना मागं सरकतो आणि तांबं उघडं पडतं. आणि चौथी मला अजिबात कळलेली नाही, एका डायलवर डाव्या शिंगाच्या टोकाची तार भट्टीत गायबच झाली. होती आणि नाही. चांदी तर ९६१ डिग्रीला वितळते, माझी भट्टी ८२० च्या वर गेलेली नव्हती.

कुणी केलंय का हे काम? कुणाच्या घरात कुणी मीनाकाम करणारं होतं का? काय असेल ते सांगा.

फाउंड्रीवाले_मामा (शिरोली)

लई भारी विषय काढलास. मीना मला येत नाही पण धातू आणि भट्टी ३० वर्षं बघतोय त्यामुळं बोलतो.

तुझी चौथी अडचण सगळ्यात सोपी आहे. चांदी ९६१ ला वितळते बरोबर, तांबं १०८५ ला, तेही बरोबर. पण दोघं एकमेकाला भिडली आणि तापली तर ७७९ लाच पाणी होतात. दोन्ही मिसळून जो धातू होतो त्याचा वितळबिंदू दोघांपेक्षाही खाली असतो. तुझी तार त्या टोकाला मीन्यातनं खाली रुतली असणार, तांब्याला टेकली असणार, आणि तिथंच विरघळली. उलटी करून भिंगाखाली बघ, त्या जागी तांब्यावर पांढुरका डाग आणि बारका खड्डा मिळाला तर माझं म्हणणं खरं. उपाय एकच, तार ठेवायच्या आधी तांब्यावर मीन्याचा एक पूर्ण थर भाजून घ्यायचा आणि तार त्या थरावर बसवायची. पुढच्या भाजणीला भट्टीत जास्त वेळ ठेवू नको, जास्त वेळ राहिली तर तार परत बुडणार.

तडा कसा जातो तेही सांगतो. निवताना तांबं काचेपेक्षा जास्त आकसतं. एकाच बाजूला काच असली की पत्रा वाकायला बघतो, काचेची बाजू फुगते, आणि गार झाल्यावर सुद्धा तो ताण आत तसाच राहतो. मग वीस मिनिटांनी, कधी दोन दिवसांनी सुटतो. मागच्या बाजूला मीना लावालायस का नाही?

गवळ्याचा_नातू

मामा, आत्ता माळ्यावर जाऊन भिंग लावून बघितलं. पांढुरका डाग आहे. खड्डा आहे. दोन महिने डोकं खाल्लं होतं या तारेनं.

मागं मीना लावत होतो पण नुसता हात फिरवल्यासारखा, पातळ. वाटलं मागचं कोण बघणार.

फाउंड्रीवाले_मामा

मागचा थर पुढच्या इतकाच ताण घेणारा पाहिजे. पुढं तीन थर असतील तर मागं एका थरावर भागत नाही. आणि भट्टीचं माप कशावर घेतोस? थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, कुठं आहे, छताला का पत्र्याजवळ? छताजवळ असला तर आकडा एक आणि पत्रा वेगळाच, विटेच्या भट्टीत तर ४० डिग्रीचा फरक सहज पडतो.

महाद्वार_घड्याळवाले (कोल्हापूर)

पोरा, मी ४१ वर्षं घड्याळं दुरुस्त करतो. टायपिंगची सवय नाही, मुलगा लिहून देतोय, मी सांगतोय.

तुझी भोकाची अडचण जुन्या कारागिरांनी शंभर वर्षांपूर्वी सोडवून ठेवलीय. माझ्याकडं एका खिशातल्या घड्याळाची फुटकी डायल आहे, पांढरी काचेची, आकडे रोमन. फुटल्यामुळं आतलं तांबं दिसतं, म्हणून टाकली नाही. आज परत काढून बघितली. तिच्या तांब्याच्या पत्र्याला बाहेरच्या कडेला आणि मधल्या भोकाला बारीकशी उभी किनार आहे, ताटाला कड असते तशी, नखाला लागेल न लागेल इतकी. वितळलेली काच पाण्याच्या थेंबासारखी गोळा व्हायला बघते, कडेपासून मागं पळते. किनार असली की तिला टेकायला जागा मिळते. आणि पत्रा सपाट नाही, मधे किंचित फुगीर आहे, बशी उपडी ठेवल्यासारखा. सपाट पत्रा भट्टीत वाकडातिकडा होतो, फुगीर असला तर आकार धरून राहतो. तू सीएनसीवाला आहेस, एक ठसा आणि एक साचा करून दाबून घे, तुला अवघड नाही.

आता घड्याळाच्या बाजूनं सांगतो, ज्याचा तू विचार केलेला दिसत नाहीस. साधी पितळी डायल ०.४ मिमी जाड असते. तुझी तांबं, मागचा मीना, पुढचा मीना धरून १ मिमीच्या वर जाणार. मग कॅनन पिनियन, म्हणजे मिनिट काटा बसतो ती नळी, डायलच्या वर पुरेसं निघणार नाही आणि काटे बसणार नाहीत, बसले तर तास काटा डायलला घासणार. एचएमटीची मूव्हमेंट, म्हणजे आतलं यंत्र, वापरणार असशील तर तिथं जागा फार कमी आहे, जपून. ६४९८ जातीची मोठी मूव्हमेंट घे, ३६.६ मिमीची, तिला उंच कॅनन पिनियन मिळतं आणि सेकंदाचा छोटा काटा ६ वर येतो.

आणि डायलचे पाय, मागच्या खुंट्या ज्या मूव्हमेंटमध्ये बसतात? ते कसे लावणार?

गवळ्याचा_नातू

काका, पाय मी शेवटी चांदीच्या डाकानं लावणार होतो.

महाद्वार_घड्याळवाले

शेवटी डाक लावायला बत्ती मारलीस की पुढची काच तडकली म्हणून समज. पाय आधी, मीना नंतर. आणि डाक असा पाहिजे जो भट्टीत सुटणार नाही, सोनारांकडं सगळ्यात कडक वितळणारा डाक असतो तो माग. नाहीतर पाय लावूच नको, पातळ चिकट ठिपके मिळतात ते लाव. मला ते पटत नाही, पण चालतं.

तो तांब्याचा तुकडा बघायला दुकानात ये. रविवार सोडून.

हुपरीची_तार (हुपरी)

दादा तुमचा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या घरात पैंजणाचं काम, तीन पिढ्या. तार ओढायचं आणि रोलवर चपटी करायचं काम मी स्वतः करतो.

चांदी कुठली वापरालाय? ९२.५ असली तर सोडून द्या, त्यात तांबं आहे, भट्टीत ती काळी पडते आणि शुद्ध चांदीच्या आधीच ढिली होते. शुद्ध चांदी पाहिजे, ९९.९. दागिन्याची चांदी आणि मीन्याच्या तारेची चांदी यात हाच फरक. शुद्ध चांदी मऊ असते, शिंगासारखा लांब बाक चिमट्यानं एका दमात येतो, मधे मोडत नाही. मी ०.१ मिमी जाड आणि अर्धा मिमी उंच अशी पट्टी ओढून देतो, तुम्हाला जरा जास्त उंच पाहिजे असेल तर सांगा, वरनं घासून बरोबर करता येते. पैसे नको, डायल झाली की फोटो टाका.

एक सांगतो, तार ठेवताना ती आपल्या पायावर उभी राहिली पाहिजे. सरळ तुकडा उभा राहत नाही, पडतो. जरासा बाक दिला की उभी राहते. तुमचं शिंग आपोआपच उभं राहणार, बाक आहेच त्याला.

घड्याळवेडा_पुणे

धागा आवडला, थोडा इतिहास सांगतो, कामाला येईल.

मीन्याच्या थरावर ब्रशनं बारीक चित्र काढून भाजायची रीत फ्रान्समध्ये १६३० च्या सुमारास ज्याँ तूतँ या सोनारानं बसवली असं मानतात, तिथून ती जिनिव्हाला गेली आणि घड्याळांच्या पाठीवर, डायलवर चित्रं यायला लागली. तारेचं काम वेगळं, खोदून भरायचं वेगळं, नक्षी कोरून वर पारदर्शक मीना ओतायचा ते वेगळं. आपल्याकडं जयपूरचं मीनाकाम मुख्यतः खोदून भरायचं, राजा मानसिंहांनी लाहोरचे कारागीर आणून वसवले असं सांगतात.

प्राण्यांचं म्हणाल तर कार्टिएच्या घड्याळावर १९१४ साली पँथरचे ठिपके आले, हिरे आणि काळ्या ऑनिक्सचे, आणि आजपर्यंत तो प्राणी त्यांनी सोडलेला नाही. व्हॅशेराँ कॉन्स्टँटिन चिनी राशीतले प्राणी करते, त्यात प्राणी धातूत कोरलेला असतो आणि मागची जमीन मीन्याची. झाके द्रो पक्षी करते. स्वित्झर्लंडमधल्या आनिता पोर्शे यांचं काम जरूर बघा, त्यांच्या हातून मोठमोठ्या कंपन्यांच्या डायल झाल्यात. सेकोचं १९१३ चं लॉरेल, जपानचं पहिलं मनगटी घड्याळ, त्याची डायलही पांढऱ्या मीन्याचीच होती. आणि ग्लासगोत अनॉर्डेन म्हणून एक छोटी कंपनी आहे, तिथली मंडळी अगदी अलीकडं हे शिकली. म्हणजे आजही शिकता येतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

राधानगरी_वाट

म्हैस छान आहे पण दादा गवा का नाही? दाजीपूरला १९५८ पासून अभयारण्य आहे ते गव्यासाठीच. ते खांद्याचं वशिंड, चारी पायात पांढरे मोजे, डायलवर काय दिसेल. नाहीतर शेकरू करा, राज्य प्राणी आहे आपला, शेपटी गोल डायलभोवती मस्त फिरेल. आणि कोल्हापूर म्हणल्यावर शिकारी चित्ते पण आलेच, शाहू महाराजांच्या काळात पाळलेले चित्ते आणि त्यांचे चित्तेवान.

गवळ्याचा_नातू

गवा मी आयुष्यात दोनदा बघितला, दोन्ही वेळा लांबनं, एकदा तर धुक्यात. त्याचा डोळा कसा असतो मला माहीत नाही. म्हशीचा माहीत आहे. पापणीचे केस सरळ खाली असतात, डोळ्याच्या खालच्या कडेला ओल असते आणि उजेड त्या ओलीत आधी दिसतो मग बुबुळात. फोटोवरनं काढलेला प्राणी आणि हाताखालनं गेलेला प्राणी यात फरक पडणारच, निदान माझ्या हातून तरी पडेल. तुम्ही दाजीपूरला एवढं जाता, गव्याची डायल तुम्ही काढा, भट्टी माझी वापरा, खरंच सांगतोय.

कुंचला_काजळ (कोल्हापूर)

मी चित्रकलेला शेवटच्या वर्षाला आहे. दादा तुम्ही टाकलेलं स्केच बघितलो. दोन गोष्टी सांगतो.

एक, दोन्ही शिंगं अगदी एकसारखी काढलाय, आरशात बघितल्यासारखी. खरी म्हैस तशी नसते, आणि डायलवर तर अजिबात नको, त्यानं ते कुठल्यातरी कंपनीचं चिन्ह वाटायला लागतं. एक शिंग जरा खाली सोडा. गवळी शिंगांवरनं म्हशीला भारड, टोकी, मेटी म्हणतात ना, तुमची म्हैस त्यातली कुठली ते आधी ठरवा मग पेन्सिल धरा. दोन, काटे. दहा दहा ला काटे बरोबर शिंगांवर येऊन बसणार. तोंड आणखी खाली घ्या म्हणजे डोळे काट्यांच्या मुळाशी येणार नाहीत, पण ६ वर सेकंदाचा काटा येणार असेल तर तोंडाचं काय करणार?

आणि रंग काळा घेऊ नका. म्हैस काळी नसते. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून आणतात तेव्हा जवळनं बघा, भादरून तेल लावलेली असते, पाठीवर चक्क निळा उजेड पडलेला असतो.

गवळ्याचा_नातू

ताई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. काळा मीना भाजून बघितला होता, डांबर ओतल्यासारखा दिसला, जीवच नाही त्यात. निळ्याचं माझ्या डोक्यात नव्हतं आलं.

सेकंद काट्याचं असं करतो, ६ वर तोंड आणि सेकंदाचा काटाच काढून टाकतो. दोनच काटे. काका, चालेल ना?

महाद्वार_घड्याळवाले

चालेल. चौथ्या चाकाचा लांब दांडा कापावा लागेल, मी करून देतो. भोक एकच राहील, तुझी डायल एका भोकानं वाचली.

घड्याळवेडा_पुणे

निळ्यावरून, यासाठी जुनी रीत आहे. तांब्यात किंवा चांदीत आकार कमी जास्त खोल कोरायचा आणि वर गडद पारदर्शक मीना भरायचा. जिथं खोल तिथं काचेचा थर जाड, म्हणून गडद. जिथं उथळ तिथं खालचा धातू चमकतो. सावली रंगवायची नसते, कोरायची असते.

इचलकरंजीकर_८५

इथं एक विचारतो. मी गेल्या दिवाळीत ऑनलाइन एक घड्याळ घेतलं, हत्तीची डायल, "हाताने केलेली अस्सल मीनाकारी" लिहिलेलं, साडेसात हजार दिले. सहा महिन्यात हत्तीचा हिरवा भाग पिवळट झालाय आणि कडेला सुटलाय. विक्रेता फोन उचलत नाही. मीना असा होतो का?

महाद्वार_घड्याळवाले

मीना पिवळा होत नाही. ती काच आहे, रंग म्हणजे तिच्यातच विरघळलेली धातूची भस्मं, निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा, गुलाबी लाल चक्क सोन्याचा, पांढरा कथलाचा. शंभर वर्षांच्या डायल माझ्याकडं येतात, तडा असतो, कोपरा उडालेला असतो, पण पांढरा पांढराच असतो. तुमच्यावर एपॉक्सी, म्हणजे प्लॅस्टिकसारखी राळ, ओतलेली आहे, त्याला बाजारात थंड मीना म्हणतात. थंड मीना विकणं काही गुन्हा नाही, पण तसं सांगून विकावं. घड्याळ घेऊन या, कडेला सुईचं टोक टेकवून बघू, काचेवर ओरखडा येत नाही, त्याच्यावर येतो. समोरच्या बाजूला घरी करून बघू नका.

इचलकरंजीकर_८५

येतो काका. पैशाचं जाऊ दे, बायकोला भेट दिलं होतं ते.

हुपरीची_तार

कोल्हापुरी साजाच्या पानांवर पण हेच व्हायला लागलंय. साजात मासा असतो, कासव असतं, दशावतारातले मत्स्य आणि कूर्म, त्याला पूर्वी गुजरीत, सराफांच्या पेठेत, कुणी कुणी मीना भरून घ्यायचं. आता मागितला तर ट्यूबमधला रंग भरून देतात आणि गिऱ्हाइकाला फरक सांगत नाहीत. धागा काढणाऱ्या दादा, तुमची भट्टी लागली की मी एक मासा आणि एक कासव पाठवतो, जमलं तर भाजून द्या.

गवळ्याचा_नातू (तीन आठवड्यांनी)

अपडेट देतो, जरा मोठं होईल.

काकांच्या दुकानात जाऊन तो फुटका तुकडा हातात घेऊन बघितला. किनार ०.२ मिमीची असेल. तसाच ठसा केला, पत्रा किनारीसकट दाबला, मधे फुगीर. पहिल्याच भाजणीला भोकाची कड पूर्ण भरून आली. आठ महिने मी मीना दाट लावून, पातळ लावून, डिंक घालून बघत होतो आणि दोष पत्र्याच्या आकारात होता.

काळे ठिपके पण सापडले. तांबं भट्टीतनं बाहेर काढलं की उघड्या कडेवरची काळी खपली निवताना उडते, बारीक पापुद्रे, ते पुढच्या वेळी पांढऱ्यात येऊन बसायचे. आता प्रत्येक भाजणीनंतर कड कानशीनं साफ करतो, पाण्याखाली धुतो, आणि भट्टीचं छत ब्रशनं झाडतो. मामा, थर्मोकपल पत्र्याच्या उंचीला आणला, आकडा ३५ नं बदलला, म्हणजे मी इतके दिवस भलत्याच तापमानावर काम करत होतो.

आणि धुणं. मी पूड एकदा दोनदा धुवायचो. आता अकीकाच्या खलात पाण्याखाली घोटतो, निवळू देतो, वरचं गढूळ पाणी ओततो, परत पाणी, असं सात आठ वेळा, पाणी अगदी नितळ दिसेपर्यंत. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरतो. तांदूळ धुतल्यासारखंच आहे. पारदर्शक निळ्यात तर यानं इतका फरक पडला की आधीचा आणि आत्ताचा तुकडा शेजारी ठेवले तर एक डबक्याचं पाणी वाटतं आणि एक विहिरीचं.

भाजताना काय दिसतं ते पण लिहितो, नव्यानं करणाऱ्याला उपयोगी पडेल. लावलेली पूड आधी पूर्ण वाळवायची, भट्टीच्या वरच ठेवतो, ओल राहिली तर आत वाफ होऊन मीना फुटाण्यासारखा उडतो. मग आत. पहिल्यांदा काळपट होते. मग दाणे एकमेकाला चिकटतात, साखर ओलावल्यासारखी दिसते. मग संत्र्याच्या सालीसारखी, उंच सखल. आणि मग एका क्षणात सगळा पृष्ठभाग बसतो आणि लाल आरशासारखा होतो, त्यात भट्टीच्या तारा दिसतात. तिथंच काढायची. काहिलीतला गूळ उतरवायचा क्षण जसा गुळव्याला कळतो, आधी कच्चा नंतर करपका, तसंच आहे हे, घड्याळ लावून होत नाही.

आता म्हैस. तोंड आणि मान तांब्यात कोरली, केसांच्या दिशेनं बारीक बारीक रेघा, कपाळावर उथळ, गळ्याखाली खोल. त्यावर निळा, तीन भाजण्या. ताई, तुम्ही म्हणाला तसा उजेड पडलाय. बल्बखाली तिरकी धरली की कपाळ उजळतं आणि गळा काळाच राहतो, आणि डायल फिरवली की तो उजेड कपाळावरनं नाकावर सरकतो.

कुंचला_काजळ

फोटो बघून अंगावर काटा आला. डोळ्यातला पांढरा ठिपका कसा काढलाय?

गवळ्याचा_नातू

तो ठिपका म्हणजे चांदीचा कण आहे, हुपरीच्या तारेचं कापलेलं टोक. पहिल्या निळ्या थरावर ठेवला आणि वरनं परत निळा. काचेच्या आत आहे तो, म्हणून ओला वाटतो.

फाउंड्रीवाले_मामा

नाद खुळा काम. आता एक काळजीचं सांगतो, घरात लहान पोरं आहेत का? काही मीन्यांच्या पुडीत शिसं असतं, जुन्या मालात तर हमखास. कोरडी पूड चाळताना मास्क लावलाच पाहिजे, नुसता रुमाल नाही. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. त्या टेबलावर चहा नाही, जेवण नाही. आणि लाल भट्टीत रोज डोळे घालून बघतोस, वेल्डिंग दुकानातनं हलक्या शेडचा चष्मा आण, डोळे परत मिळत नाहीत.

गवळ्याचा_नातू

पोरगी तीन वर्षांची आहे मामा. माळ्याचं दार आजपासून कुलपात. चष्मा उद्याच आणतो.

गवळ्याचा_नातू (आणखी दीड महिन्यानं)

झाली. तिसाव्या प्रयत्नाला नाही, एकोणिसाव्याला.

एकूण १४ भाजण्या, मागच्या धरून. शेवटी कुरुंदाच्या दगडानं पाण्याखाली घासून तार आणि मीना एका पातळीत आणला, घासल्यावर सगळी मंद होते, दुधावर साय आल्यासारखी, मग शेवटची एक भाजणी चकाकी परत यायला. ती शेवटची भाजणी करताना हात थरथरत होता, कारण तिथं गेली तर दोन महिने गेले. बाहेर काढली, गार होऊ दिली, चहाला गेलो नाही, समोरच बसून राहिलो. आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही.

काकांनी स्वतः काटे बसवले. दोन काटे, निळे केलेले, ते पण त्यांनी पितळेच्या भुशावर तापवून माझ्यासमोर केले. डायल जाड आहे तरी वरती पाव मिमी जागा राहिली.

रविवारी गोठ्यावर घेऊन गेलो. आजा आता नाही, धाकटे चुलते आहेत, ७४ वर्षांचे. शेणाचे हात धुतले, धोतराला पुसले आणि घड्याळ हातात घेऊन उजेडाला गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. तिरकं करून बघितलं, सरळ करून बघितलं. मग म्हणाले, "ही टोकी हाय. आपली सुंदरी काढलीस व्हय?" मी कुणालाच सांगितलं नव्हतं की सुंदरी डोळ्यासमोर होती. ती मी नववीत असताना गेली.

मग परत बघितलं आणि म्हणाले, "पण तिचं डावं शिंग खाली हुतं, तू उजवं खाली केलास."

ते बरोबर आहेत. मी स्केच ट्रेसिंग कागदावरनं उलटं छापलं होतं, आणि इतके दिवस रोज बघूनही माझ्या लक्षात आलं नाही.

ही डायल चुलत्यांनाच दिली, त्यांनी मनगटावर बांधली आणि तशीच धार काढायला गेले. आता सुंदरीची बरोबर करायला घेतोय. हुपरीवाले दादा, तुमचा मासा आणि कासव दोन्ही भाजून झालेत, मासा निळ्यात आणि कासव हिरव्यात, शनिवारी घेऊन येतो. तेवढ्यात अर्धा मिमीची पट्टी आणखी दोन मीटर ओढून ठेवाल का? यावेळी पैसे घ्यायचे.

हुपरीची_तार

आज रात्रीच ओढायला घेतो. शनिवारी जेवायलाच या.